पंधरा अक्षरांचा शब्द

बाबा, काल केळफूल साफ करताना अंगठा काळा झाला. तेल चोळलं, चिंच चोळली, तरी डाग गेला नाही, तेव्हापासून तू डोळ्यांसमोर आहेस. आपल्या घरी बापाला तूच म्हणायचे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं 'तुम्ही' मला तुझ्यासाठी कधी वापरता आलं नाही, म्हणून इथेही तूच. तू गेलास त्या वयाच्या पुढे मी केव्हाच आले आहे.

मला शाळेतून काढायचं चाललं होतं ते वर्ष. तुझे मोठे भाऊ, माझे काका, रोज जेवताना म्हणायचे, "पोरगी वाचायला शिकली, पुरे झालं. आता आवनीला दोन हात वाढतील." भाताची रोपं उपटून चिखलात पुन्हा लावायची, ती आवणी. तू खाली मान घालून जेवायचास. मग कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी सांगितलं की वरच्या इंग्रजी वर्गात एकच जागा आहे आणि आम्ही दोघी आहोत, मी आणि बोळिंजची एक मुलगी. त्यांनी फळ्यावर पाच अक्षरं लिहिली: पी, एल, एस, एन, टी. ही पाचही ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द आठवड्याभरात शोधून आणायचा, त्याचा अर्थ सांगता यायला हवा, आणि मदत कुणाचीही घ्यायची नाही. दोघींना एकेक डिक्शनरी घरी नेऊ दिली. काका म्हणाले, "जागा मिळाली तर जाऊ दे तिला. नाय तर पावसापासून शेतावर."

मी रहाटाशेजारी बसून पानं उलटत असे. तिसऱ्या दिवशी तू बैल सोडलेस आणि माझ्याजवळ येऊन उकिडवा बसलास. "काय शोदतेस?" मी सांगितलं. "शब्द मला नको सांगू. खुना दाखव." मी मातीत काडीने पाच अक्षरं काढली. तुला ती ओळखीची होती. स्टेशनावर जाणाऱ्या केळ्यांच्या करंड्यांवर व्यापाऱ्यांच्या अशाच खुणा असायच्या. तू त्यांना नावंही देऊन टाकलीस. टी म्हणजे मांडवाचा खांब, एस साप, पी डोक्यावर पाटी घेतलेली बाई. मग माझा सर्वांत लांब शब्द किती, ते विचारलंस आणि तेवढ्याच लांबीची सोपटाची, केळीच्या खोडाच्या सुकलेल्या सालीची, चिरी फाडलीस. ती चिरी शब्दावर ठेवायची. शब्द तिच्याबाहेर गेला तरच पाच खुणा बघायच्या, नाही तर पुढचा. "तू पुढून ये, मी मागून येतो," म्हणालास. हे नियमाबाहेरचं आहे हे मला कळत होतं. पण ज्याला इंग्रजी येत नाही त्याची मदत ती कसली मदत, अशी मी माझी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड उतरवता उतरवता तू हाक मारलीस. चिकाने माखलेल्या तशाच हातांनी पुस्तक धरून, पानावर बोट ठेवून म्हणालास, "बघ गं, चिरीच्या किती बाहेर गेला हा!" ट्रान्सप्लांटेशन. पंधरा अक्षरं, पाचही खुणा आत. मी आनंदाने ओरडले. अंगठ्याकडे आपलं दोघांचंही लक्ष नव्हतं.

बोळिंजच्या मुलीने रिस्पॉन्सिबिलिटी आणला होता, चौदा अक्षरांचा. सिस्टरनी माझा शब्द मी नेलेल्या डिक्शनरीत काढला आणि त्या थांबल्या. पानाच्या कडेला मोठा तपकिरी अंगठा उमटलेला. केळीच्या चिकाचा डाग सुकला की काळाच पडत जातो. "हा कुणाचा?" मी पान उलटायला हात पुढे केला. "उद्या वडिलांना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आपण सिस्टरच्या खोलीत उभे आहोत. तू धुतलेला सदरा घातला आहेस, चपला दाराबाहेर काढल्या आहेस. सिस्टर आधी मला विचारतात, "शब्द कुणी शोधला?" वरच्या वर्गाचं दार खिडकीतून दिसतं. मी म्हणते, "मी. आमच्या घरी कुणाला एबीसीसुद्धा येत नाही, सिस्टर." तू माझ्या हातभर अंतरावर उभा. त्या तुझ्याकडे वळतात, त्यांच्या मोडक्या मराठीत विचारतात, "तू शोधला?" तू माझ्याकडे बघतोस. मी फरशीकडे. आणि तू हात जोडतोस, काळ्या बोटांचे, आणि म्हणतोस, "मला कसा येल, सिस्टर? मी अडानी मानूस. बुक उचलून ठेवताना हात लागला. चूक माझी हाय, पोरीला नका बोलू." सिस्टरनी त्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी मला अर्थ विचारला. मी आवणी सांगितली, रोप कसं धरायचं, मूळ न तुटता कसं उपटायचं, सगळं. जागा मला मिळाली.

परत येताना तू पुढे चालत होतास. बांधावर पोचेपर्यंत मी वाट बघत होते, आता त्या खोलीतलं बोलशील. तू वळलास आणि विचारलंस, "त्या लांबड्या शब्दाचा अर्थ आवनी होता?" मी हो म्हटलं. तू हसलास. "एवढ्याशा कामाला एवढा मोठा शब्द! गोऱ्यांची कंबर दुखत असंल नुसती बोलून." एवढंच. त्या खोलीबद्दल त्यानंतर कधीही नाही, अखेरच्या आजारातही नाही. मी तेव्हा तुझ्या उशाशी होते, आणि विचारायची हिंमत मला झाली नाही.

पुढे मी इंग्रजीचीच शिक्षिका झाले. तीस वर्षं वर्गात हा खेळ घेतला. दरवर्षी मुली विचारायच्या, "बाई, तुमचा सर्वांत लांब शब्द कोणता?" मी फळ्यावर तोच लिहायचे आणि सांगायचे, मी अकरा वर्षांची असताना मला सापडला. मुली टाळ्या वाजवायच्या.

बाबा, त्या टाळ्या मी दरवर्षी घेतल्या. शब्द तुला सापडला होता, हे आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि तेही ज्याला ते आधीपासून माहीत होतं त्यालाच.