अंदाजात न धरलेल्या मुली

तबूक, २० जानेवारी १९८१

ती. सौ. ताईस,
उदयचा सा. न. वि. वि.

मी सौदीत आलो तेव्हा तबूक आपल्या सिन्नरएवढंच वाटायचं. तीन वर्षांत डोळ्यांदेखत शहर झालं. नुसती वाळू होती तिथे आता गहू डोलतोय. बघताना अंगावर काटा येतो. उत्तरेकडच्या वस्त्या वीस वर्षांनी कशा असतील, कुठे रस्ता, पाणी, शाळा लागेल, याचा अंदाज बांधणं हे माझं काम.

पण एका बदाऊ, म्हणजे तंबूत राहणाऱ्या भटक्या अरबांच्या, वस्तीपाशी घोडं अडलंय. पुरुष मुलगे कौतुकानं सांगतात, मुलींचं विचारलं की कॉफी पुढे करतात. परक्यापुढे घरातल्या बायकांचा विषय काढायची इथे रीत नाही. हिशेबात मुली जवळजवळ नाहीतच, म्हणजे वीस वर्षं मुलींची शाळाही नाही. मार्चअखेर आराखडा रियाधला गेला की खलास.

शर्मिला बरी आहे, घरात बसून कंटाळते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
उदय

नाशिक, ३ मार्च १९८१

चि. उदयास अनेक आशीर्वाद.

जनगणनेची ड्यूटी नुकतीच संपली. आम्हा मास्तरणींचे पाय दुखून आलेत, त्यात तुझं पत्र वाचून हसू आलं. अरे, इथेही ओसरीवरचे पुरुष मुलगे सांगतात आणि लेकी विसरतात. मी सरळ चुलीपाशी जाऊन बायकांना विचारते. बायको घरात कंटाळतेय म्हणतोस, मग तिलाच का नेत नाहीस? एवढा इंजिनिअर झालास, हे सुचू नये? त्या पोरींची शाळा बुडाली तर मला तोंड दाखवू नकोस.

शर्मिलेला जपून ने. रागावले तरी लोभ तोच आहे.

तुझी,
ताई

तबूक, २९ मार्च १९८१

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

शर्मिलेला नेलं. मी बाहेर शेखांजवळ कॉफी पीत बसलो. ती शेजारणीकडून शिकलेल्या मोडक्या अरबीच्या भरवशावर बायकांच्या तंबूत गेली, ती दुपार कलली तरी येईना. आली तेव्हा डोळे भरलेले. बायकांना शाळेचं कळलं मात्र, पडद्यामागून, शेजारच्या तंबूंतून पोरींना हाताला धरून आणू लागल्या, असं ती सांगत होती. मुलग्यांहून मुलीच जास्त निघाल्या.

निघताना एका म्हातारीनं तिचा हात धरून आपल्या गरोदर सुनेच्या पोटावर ठेवला. मुलगीच होणार म्हणे. वीस वर्षांचं लिहिताय ना, मग हिलाही धरा, असं म्हणाली. इतके अंदाज बांधले, पण पुढचा काळ असा समोर कधी दिसला नव्हता.

आराखडा काल रियाधला गेला. शाळा त्यात आहे, ताई, आणि ती मुलगीही धरली आहे.

आशीर्वाद असाच राहू दे.

तुझा,
उदय