कोटाच्या बाहीवरची बाई

प्रिय आई,

आशीर्वादासाठी तुझा हात कपाळाला लावते. सुकट आणि आंब्याच्या वड्या पोचल्या. हमालाने वीस पेसो घेतले, तेवढाच खर्च. गुडघा कसा आहे?

आता बातमी. तुझा जावई क्रिस्पिन काम करतो त्या पोलिसांच्या प्रयोगशाळेत तीन वेगवेगळ्या गुन्ह्यांतल्या कपड्यांवर एकाच अनोळखी बाईचा डीएनए सापडत होता. पोलिसांनी ठरवलं, बायकांची टोळी आहे. साथीदार म्हणून लिगाया नावाच्या मोलकरणीला कोठडीत घातलं.

तपासणीचे नवे नियम ठरवायला आलेल्या मंडळींनी आधी तिथल्या सगळ्यांची लाळ तपासली. कुणाचीच जुळेना. मग त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमचे कोट कोण धुतं?"

आई, ती बाई मीच निघाले. पैसे वाचावेत म्हणून क्रिस्पिनचा कोट मी घरी धुते. इस्त्री झाली की उसवलेली बाही शिवते आणि दोरा दातांनी तोडते. माझी लाळ बाहीवरून नमुन्यांत गेली. क्रिस्पिन म्हणतो, "टोळीच्या म्होरकीच्या हातचं इतकी वर्षं जेवलो की मी."

काल लिगाया सुटली. मी मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली, मोठीच आणली. आता इथे नियमच झालाय, कोट घरी न्यायचा नाही.

पण आपला इस्कोही तिकडच्या प्रयोगशाळेत आहे, आणि त्याच्या कोटाची बटणं तू लावतेस, दोरा तोंडात ओला करून. त्याच्या हाती तुझी लाळ आजच साहेबांकडे तपासायला पाठव. तिकडेही कुणाची लेक अशी कोठडीत बसलेली नाही ना, ते उलट टपाली कळव.

तुझी,
रेमेदियोस