खाकीवर ओलं दिसतं

९ नोव्हेंबर
कणीक मळताना शिंक आली आणि गाऊन ओला. हात तसेच पिठाचे. आधी वाटलं लोटा कलंडला. लोटा तर जागेवर.
ऑपरेशनला महिना होत आला. गर्भाची पिशवी काढली, लघवीची पिशवी वर टाचून घेतली. डॉ.बाईंनी मागच्या खेपेला बघितलं, म्हणाल्या छान भरून येतंय. अंग बाहेर येत होतं ते बंद झालं हे खरं. किती वर्षं, ट्रिपच्या आधी डेपोच्या संडासात जाऊन हातानं आत सारायचं आणि मग कंडक्टरची बॅग अडकवून गाडीत चढायचं. ते संपलं. मग हे नवीन कुठून आलं. गळत कधीच नव्हतं माझं.
अक्काला बोलले नाही. गाऊन बादलीत टाकला, वर दोन टॉवेल टाकले.

१० नोव्हेंबर
पुन्हा. खोकल्यावर. मग खुर्चीतून उठताना.

१२ नोव्हेंबर
आज नळाला पाणी आलं. ड्रम, पिंप, हंडे, सगळं अक्कानं एकटीनं भरलं. थोरली जाऊ, पण सख्खी बहीण करणार नाही एवढं करते. दिवाळीनंतर गंगापूरहून आली ती माझ्यासाठी थांबलीच आहे. मला बादली उचलायची बंदी, म्हणून मी नुसती दारात उभी.
दोरीवरचे कपडे बघून म्हणाली, "ह्ये रोज रोज कसलं धुणं काढतीस गं?"
सांगितलं मग. लपवून किती लपवणार, एका खोलीत झोपतो.
बराच वेळ हंडा घासत बसली. मग म्हणाली, "म्हंजे कापूनबी तसंच."
"तसंच नाही अक्का. ते बाहेर यायचं गेलं ना."
"माझंबी येतंय की बाहेर. धाकट्याच्या टायमापासून. कापड बांधते घट्ट. कापूस येचते, निंदते, समदं करते. तुझं नीट झालं की मी बी दाखवीन म्हणत व्हते."
इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो सणावाराला. तिनं मला सांगितलं नाही. मी तरी कुठं तिला सांगितलं होतं.
 तिच्या मनानं काय घेतलं ते मला दिसत होतं.

१४ नोव्हेंबर
ह्यांना सांगावं लागलं, मेडिकलमधून पॅड आणायचे होते. शेंद्र्याच्या कंपनीतून शिफ्ट सुटल्यावर येताना घेऊन आले. पेपरात गुंडाळलेलं, त्यावर काळी पिशवी, ती पुन्हा डब्याच्या पिशवीत. उघडलं तर लहान मुलांचे डायपर.
"दुकानातल्या पोरानं विचारलं कुणासाठी. मी म्हटलं घरात लागतं."
हसू आलं. हसले आणि झालंच पुन्हा. ह्यांना दिसलं. तसेच चपला घालून परत गेले, नीट विचारून पॅड घेऊन आले. ह्या वेळी पिशवी पांढरी होती, आतलं दिसत होतं.

१८ नोव्हेंबर
डॉ.बाईंकडे. खोकून दाखवायला लावलं, टेबलावर, पाय वर. लाज वाटायचे दिवस गेले म्हणायचं.
म्हणाल्या, "पिशवी खाली उतरली होती तेव्हा लघवीची नळी मुरगळलेली होती. बागेतला पाइप मुरगळला की पाणी अडतं, तसं अडत होतं. आता सरळ केलं, तर तोटी ढिली आहे हे कळलं. ऑपरेशनच्या आधी बोलले होते तुम्हाला, काही जणींना असं होतं."
बोलल्या असतील. मला तेव्हा फक्त भुलीची भीती, बाकी कानात गेलंच नाही.
लघवी तपासायला दिली. आणखी काही महिने थांबायचं, खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करायचा. बऱ्याच जणींचं कमी होतं. नाहीच झालं तर आतून एक पट्टी टाकतात, छोटं ऑपरेशन. ते नंतर बघू म्हणाल्या.
"पाणी कमी पिता का?"
"ड्युटीवर पीतच नाही. सकाळी चहा घेतला की दुपारी परत येईपर्यंत काही नाही."
"ते बंद करा. त्यानं उलट जळजळ होते, घाई होते."
ड्युटीवर कधी जाऊ विचारलं. जानेवारीच्या शेवटी बघू. मी म्हटलं बघू नाही, जायचंच आहे.

२० नोव्हेंबर
लघवीचा रिपोर्ट चांगला. म्हणजे औषधानं जाणारं नाही. मेहनतीनं घालवायचं.

२९ नोव्हेंबर
दहा दिवस झाले, मन लावून व्यायाम केला आणि गळणं वाढलं. रडू आलं. अक्का म्हणाली, सोड ते, कापड घे. मी डॉ.बाईंच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमकडे गेले. लहान आहेत वयानं, माझ्या लेकीएवढ्या. हातमोजा घालून आतून तपासलं आणि म्हणाल्या, "आवळा."
आवळलं.
"मावशी, तुम्ही वर ओढत नाही, खाली ढकलताय. श्वास पण धरलाय."
म्हणजे इतके दिवस उलटं चाललं होतं. पुन्हा शिकवलं. वारा सरणार असेल आणि चारचौघांत बसलो असू तर जसं ओढून धरतो, तसं. पोट सैल, मांड्या सैल, श्वास चालू. एकदा बरोबर जमलं. त्या म्हणाल्या, "हे. हेच." कुठं असतं ते कळलं तरी. पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या अंगात एक जागा नवी सापडली.
आणि शिंकेच्या आधी ओढायचं. खोकल्याच्या आधी. उठायच्या आधी. शिंक सांगून थोडीच येते. पण येते म्हणाल्या, लक्ष ठेवा.

४ डिसेंबर
अक्का गेली. कापसाची वेचणी आहे. फाट्यापर्यंत मीच सोडायला गेले, चालत. म्हणाली, "तू नीट राहा." मी म्हटलं तू दाखव एकदा. "बघू तुझं काय व्हतंय ते."
हे ओझं नको होतं मला. माझ्या गळण्यावर तिचं ठरणार.

१५ डिसेंबर
करमाडला ह्यांच्या भाचीचं लग्न. जाणार नाही म्हणून बसले होते. वास आला तर, खुर्ची ओली झाली तर. ह्यांनी वाद घातला नाही. इस्त्रीची साडी तेवढी पलंगावर आणून ठेवली.
गेले. मंडपात ह्यांनी आधीच कडेच्या दोन खुर्च्या धरलेल्या. हळूच म्हणाले, "बाथरूम मागच्या बाजूला आहे, बघून आलोय. स्वच्छ आहे." आणि पंगतीकडे बघत बसले, जसं काही बोललेच नाहीत.
पॅड भिजला, साडी नाही. नवरीला हळद लागली तेव्हा पुढं जाऊन उभी राहिले.

२७ डिसेंबर
सर्दी. तीन दिवस नुसता सत्यानाश. लिहावंसं वाटत नाही.

३ जानेवारी
सर्दी गेली. आज भांडी घासताना शिंक आली, आधी कळली, ओढलं. कोरडी.
एकदाच झालं. पण झालं.

२२ जानेवारी
डॉ.बाईंनी फिटनेस लिहून दिला. जड उचलायचं नाही, तिकिटाची बॅग चालेल.
डेपोत गेले. कंट्रोलर साहेब चांगलं बोलले. "चौकशीच्या खिडकीवर बसा ना, पंखा आहे, उभं राहायला नको."
खिडकी वाईट नाही. संडास पण जवळ. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. पण खिडकीवर गेलेली बाई परत गाडीवर आलेली मी बघितली नाही. तिथं बसले की मीच म्हणेन, आता कशाला. गंगापूर लाइन माझी आहे. कुठल्या फाट्यावर कोण चढतं, कोणाची म्हातारी कुठं उतरते, मला ठाऊक.
उद्या जाऊन लाइनच मागणार.

२ फेब्रुवारी
पहिली ट्रिप. खाकी घातली तर कमरेत सैल. गाडीवर ड्रायव्हर शेख मामाच आहेत, बरं वाटलं. "आ गये ताई? तुम्हारे बगैर लोगां सुट्टे पैसे नैं लाते थे," म्हणाले.
जाताना ठीक. गंगापूरला चहा नाही घेतला. पाणी दोन घोट.

५ फेब्रुवारी
झालं जे व्हायचं ते.
वाळूजला कंपनीची शिफ्ट सुटलेली, गाडी ठासून भरली. मागच्या सीटवर दोन माणसांचं जागेवरून जुंपलं, एक म्हातारी मध्ये अडकलेली. मी घुसले, ओरडले, "मागं सरका, आजींना बसू द्या," आणि तेवढ्यात स्पीडब्रेकर. एका बाजूनं ओरडणं, एका बाजूनं धक्का. ओढायचं कुठं सुचतंय. पॅडनं धरलं नाही. पायापर्यंत गेलं.
खाकीवर ओलं लगेच दिसतं. गडद डाग पडतो, ज्याला त्याला कळतो.
आजींना बसवलं. तिकीट दिलं. मग खिडकीशी गेले, पाण्याची बाटली उघडली आणि स्वतःच्या मांडीवर सगळी ओतली. मोठ्यानं म्हटलं, "गेलं, पाणी सांडलं." कुणी हसलं. एका पोरीनं रुमाल दिला. तो घेतला आणि गंगापूरपर्यंत बॅग मांडीवर घेऊन बसून राहिले.
सगळे उतरले. मी उठेना. मामा दारापाशी आले.
"ताई, उतरते नैं क्या?"
"मामा, पाच मिनिटं बसते."
बघितलं त्यांनी, गेले. परत आले ते ड्रायव्हर सीटमागं टांगलेली त्यांची शाल घेऊन. सीटवर ठेवली आणि स्टँडच्या चहाकडे निघून गेले.
शाल गुंडाळून परत आले. म्हणजे गाडी घेऊन, ट्रिप पूर्ण करून. तिकिटं फाडली सगळ्यांची.

६ फेब्रुवारी
रजा टाकावी असं पहाटेपासून वाटत होतं. नाही टाकली. बॅगेत दुसरी सलवार, दोन पॅड, प्लॅस्टिकची पिशवी.
सुटायच्या आधी मामांना शाल दिली, धुतलेली. आणि सांगून टाकलं. ऑपरेशन झालंय, लघवी अडत नाही, व्यायाम चालू आहे, मध्ये एकदा उतरावं लागेल.
मामा काच पुसत होते. "तो उतरो ना. मैं तो हर फेरे में पंप पे उतरता. शुगर है मेरे को. आज तक किसीने पूछा क्या, गाडी क्यूं रुकी?"
खरंच. इतकी वर्षं गाडी पेट्रोल पंपावर थांबते. मी तिकिटाचं मशीन घेऊन आत बसून राहायची, पाणी न पिता, पाय आवळून. मला वाटायचं मामा पाय मोकळे करतात. पुरुष उतरला तर गाडी थांबली म्हणतात. आपण उतरलो तर काय म्हणतील, हे मी कधी विचारूनच बघितलं नव्हतं.
आज उतरले. पंपावरच्या संडासाला आतून कडी आहे. मामांनी आधीच विचारून ठेवलं होतं. गाडीतल्या लोकांत कुणी मान वर करून बघितलं नाही. एक बाई मागोमाग उतरली. मग अजून एक.

१९ फेब्रुवारी
पाणी पिते ड्युटीवर. आधी भीती वाटायची, आता घाई उलट कमी.
शिंकेचं जमतं बहुतेक वेळा. ओरडण्याचं नाही. म्हणून ओरडायच्या आधी क्षणभर थांबते. लोकांना वाटतं बाई शांत झाल्या.

४ मार्च
डॉ.बाईंकडे तपासणी. खोकायला लावलं. पूर्वीपेक्षा बरंच कमी, पण आहे. म्हणाल्या, "आता तुमच्यावर आहे. व्यायाम अजून दोन-तीन महिने करून बघा, नाहीतर पट्टीचं ठरवू. घाई नाही."
पट्टीनं शंभर टक्के जाईल का विचारलं. "शंभर टक्के मी कशालाच म्हणत नाही." हे आवडलं. आधी खोटी आशा दाखवली असती तर मी पुन्हा आले नसते.
ह्यांना विचारलं तुम्हाला काय वाटतं. म्हणाले, "गाडी तू चालवतेस." मी म्हटलं मामा चालवतात. दोघं हसलो. कोरडी.

११ मार्च
अक्काचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर, "तुझं कसं काय?"
खरं सांगितलं. सुटलं नाही पूर्ण. गळतं थोडं, रोज नाही. पॅड लागतो. पण खाली काही येत नाही, कंबर दुखत नाही, ढकलायचं नाही, दिवसभर उभी असते. पुन्हा ऑपरेशन करायचं का ते ठरवलं नाही. हे सगळं होऊनही मी पहिलं ऑपरेशन पुन्हा केलं असतं.
 मग म्हणाली, "कापायचंच का पर?"
"नाही. काहींना नुसती रिंग बसवतात आत, अंग वर धरून ठेवायला, डॉ.बाई म्हणाल्या. बघितल्याशिवाय कसं कळणार."
"व्हय," म्हणाली. नाय म्हणाली नाही.

१७ मार्च
परतीच्या ट्रिपला गंगापूर स्टँडवर अक्का उभी. चांगलं लुगडं, हातात कापडी पिशवी, तोंडावर रुमाल दाबलेला. फोन नाही, निरोप नाही. पहिल्या सीटवर बसली.
"एक तिकीट दे." मी मशीनला हात लावेना, तर म्हणाली, "फुकट नाय यायचं मला."
दिलं. वाटेत पंपावर गाडी थांबली, मी म्हटलं चल. उतरली माझ्याबरोबर.
डेपोत गाडी जमा करून रिक्षानं थेट डॉ.बाईंकडे. बाकावर बसलो. माझ्याही मनात होतं, आलोच आहोत तर पट्टीचं विचारून घ्यावं. विचारायचं की नाही, ते तिथं बसूनही नक्की होत नव्हतं.
नाव पुकारलं तशी मी पण उठले. अक्कानं माझा हात बाजूला केला.
"तू बस इथं. माझं मी सांगते."
दार लागलं. आतलं काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ झाला तरी बाहेर आली नाही, म्हणजे सांगत असणार.