कॉम्प्युटरला थोडं कमी सांगितलं

सोमवार, ४ मार्च
सासऱ्यांची गाडी ताब्यात आली. चढावर दमते, असं ते जेवताना म्हणाले आणि मी ट्यून करून देतो म्हणून बसलो. व्हिडिओ भरपूर पाहिलेत. भीती अजिबात नाही. मी गाडीचं दार लावलं की सासरे ते उघडून पुन्हा लावतात, एवढंच डोक्यात घोळतंय. मेव्हणा पोलिसात आहे, त्याचा इथे काही संबंध नाही.

मंगळवार, ५ मार्च
जुने इंजेक्टर काढून मोठे बसवले. मुलीला समजावलं, इंजेक्टर म्हणजे पेट्रोलची पिचकारी. मोठी पिचकारी, जास्त ताकद. फक्त नवी पिचकारी केवढी आहे ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं. तो आकडा खोक्यावर होता. खोकं बायकोने कचऱ्यात दिलं. घरात टेक्निकल गोष्टींचं गांभीर्यच नाही.

बुधवार, ६ मार्च
गाडी काळा धूर ओकतेय. पेट्रोल जास्त जातंय. खचणार नाही.

दुपारी – रामबाण उपाय! इंजिनात शिरणारी हवा सेन्सर जेवढी मोजतो, त्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. म्हणून लॅपटॉप जोडून सेन्सरचे आकडेच कमी केले. हवा कमी दाखवली, पेट्रोल कमी झालं, धूर बंद. उभी गाडी मांजरासारखी गुरगुरतेय. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. कॉम्प्युटरला थोडं कमी सांगितलं. बायकोलाही कधी कधी कमीच सांगावं लागतं.

शुक्रवार, ८ मार्च
चढावर नेली. इंजिनात खडखड, डब्यात खिळे हलवल्यासारखी. रेडिओ मोठा केला. तरी ऐकू आली. पेट्रोलच भेसळीचं असणार.

संध्याकाळी – खडखडीबद्दल इंटरनेटवर वाचलं. नको होतं वाचायला. हवा कमी आहे असं समजून कॉम्प्युटर ठिणगी लवकर पाडतो. आत हवा तर भरपूर. चढावर पेट्रोल अपुरं, ठिणगी लवकर, पिस्टनला भोक पडू शकतं. भोक! जुने इंजेक्टर परत बसवले असते, पण एक काढतानाच मोडला. मेकॅनिककडे जाणार नाही. तो सासऱ्यांचा बालमित्र.

शनिवार, ९ मार्च
सासरे आले. उभ्या गाडीचा आवाज ऐकून खूश. पाठीवर थाप मिळाली. उद्या सगळे डोंगरावर जाऊ म्हणाले. गाडी ते चालवणार. खरं सांगायचा निश्चय केला, तोंड उघडलं आणि जेवायला काय आहे असं विचारलं.
डोळे मिटले की दिसतं, अर्ध्या चढावर इंजिन बंद, मागून ट्रक, आणि मागच्या सीटवर मुलगी गाणं म्हणतेय. घाबरलोय. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचणार आहे.

रविवार, १० मार्च, सकाळ
हवेच्या सेन्सरचा प्लगच उपटला. आता गाडी सुरू होणार नाही. कुणी जाणार नाही, सगळे वाचतील. डोकं लागतं याला.

संध्याकाळ
पहिल्या किल्लीत सुरू झाली. चढभर मी मुलीचा हात घट्ट धरून, कान टवकारून. हात दुखतोय असं ती दोनदा म्हणाली. खडखड नाहीच! सेन्सर गप्प बसला की कॉम्प्युटर कारखान्याने दिलेल्या ठोकळ आकड्यांवर चालतो म्हणे. माझे आकडे बघतसुद्धा नाही. जरा पेट्रोलचा वास आला, बाकी गाडी मजेत. समोर पिवळा दिवा पेटला होता. सासऱ्यांनी विचारलं तर ट्यूनिंग चालू असल्याचा आहे म्हणालो.
वर पोचल्यावर बायकोने बॉनेट उघडायला लावलं. लोंबणारी वायर पाहिली. म्हणजे तू केलेलं बाजूला ठेवलं की गाडी चालते, असं हळूच म्हणाली. मी बॉनेट बंद केलं.
उतरल्यावर मी दार लावलं. सासऱ्यांनी ते पुन्हा उघडलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा.
मग त्यांनी मेव्हण्याला फोन लावला आणि माझं तोंड भरून कौतुक केलं. त्याचीही गाडी चढावर दमते. उद्या सकाळी माझ्याकडे पाठवतोय. सरकारी आहे, टपावर दिवा असलेली.