कोरडा ट्रम्पेट

रविवार, संध्याकाळ. दिग्रस.

आजच्या वरातीची किळस जातच नाही. नवरदेवाचा बाप म्हणे, "गाणे डीजेवर वाजतीन. तुम्ही बाजे नुसते तोंडाले लावून चाला, व्हिडिओत बॅन्ड दिसला पाहिजे." अन् आम्ही चाललो, वर्दी घातलेली बुजगावणी. सगळ्यायच्या चुली याच बॅन्डवर, कोण बोलणार?

आमच्या म्हाताऱ्या उस्तादाले, रहीमचाचाले, डॉक्टर म्हणते, फुंकणं सोडू नका, त्यानंच दमा आवरून हाये. वरात संपल्यावर चाचानं सवयीनं ट्रम्पेट उलटा करून झटकला. दरवेळी फुंकीचं पाणी गळते. आज थेंबही नाही.

तेवढ्यात तो बाप आला. "वा चाचा, काय वाजवलं."

चाचानं सलाम केला. मीबी केला. मंग चाचानं तो कोरडा ट्रम्पेट पुन्हा झटकून पाह्यला.

तेव्हापासून थुंकावं वाटून राह्यलं. कोणावर, ते समजत नाही.