कापसाच्या खोलीतल्या कॅसेटी

माय,

कॅसेटी म्या फेकल्या नाहीत. कोनी इचारलं नाही मले, पन तू असती तं पयले हेच इचारलं असतं, म्हनून सांगून टाकतो. सात हायेत, बिस्किटाच्या टिनाच्या डब्यात. जपून ठेवल्या असं काही नाही. घरात दहा चिजा पडून राहतेत, तशा ह्या बी राहिल्या. परवा भाचीनं त्या मोबाइलात भरून आनल्या, अन् तवापासून माहं डोकं फिरलं हाये. जेवाले बसलो का उठतो, उठलो का कुठं जाव समजत नाही. पत्रं-गित्रं लिहाची मले सवय नाही. बी.ए. दुसऱ्याच वर्साले सोडलं, तुले मालूमच हाये.

त्या दिवाईच्या सुट्टीत मी अमरावतीहून रूमवरच्या दोस्ताले घेऊन आलो होतो, पेटीवाल्याले. आमचेच गाने टेपात भराचे होते. रूमवर ते जमत नव्हतं, भिती आवाज पलटून देत, वरून खालची वर्दळ. आनि घरी मधल्या खोलीत कापूस भरलेला, अर्ध्या भितीपर्यंत. आमी त्याच्यात शिरलो, दार लावलं, एक ओळ म्हनून पाह्यली, अन् दोस्त म्हने, "अबे, हा तं स्टुडिओच हाये!" कापूस सारा आवाज पिऊन घेते. दोन दिवस आमी तिथंच. आंगाले खाज, नाकात तंतू, पन गानं कसं कोरं उठून राहिलं होतं.

आनि बाहेर तू. मी आतून वरडून राहिलो, "माय, भाकरी थापू नको, आवाज येते!"

"मंग खासान काय?"

"सकायच्या खाऊ. अन् बांगड्या वाजून राहिल्या तुह्या."

तू बांगड्या वर सरकवल्या, त्याच्यावर फडकं गुंडायलं. कोंबड्या टोपल्याखाली झाकल्या. लाकूड तडतडते म्हनून चूल इझवली. दोन्ही दुपारी सैपाकघरात हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दोस्ताले लाज वाटली, म्हने, "मावशी, आमच्यापायी तुमाले तरास." तू म्हने, "मले कायचा तरास? दिवाईत कोन्या बाईले अशी सुट्टी भेटते!" अन् हासली.

दुसऱ्या दिवशी दार जरासं उघडते. तू आत येत नाही, उंबऱ्यावरच उभी. "बाबू, एक गानं माहं भरून देतं काय? भुलाबाईचं. ताईले धाडू धारनीले. तिकडे कोनी भुलाबाई मांडत नाही म्हने. पोरगी मोठी झाली का तिले शिकाले होईन."

ताई लगन होऊन तिकडे जंगलात, भाची तवा पायन्यात. भादवा सरत आला, घरोघरी मातीची भुलाबाई बसाची झाली, का गल्लीतल्या साऱ्या पोरी तिच्यापुढं म्हनाचे गाने शिकाले तुह्याच जवय येत, हे मले मालूम होतं. टेप बी ताईनंच धाडलेला, तुह्यासाठी. मीच तो अमरावतीले उचलून नेला होता. आनि म्या म्हनलं काय? "ते पोरीबाईचे गाने हायेत. इथं कॅसेट सरत आली. चूप राय न माय जराशीक."

"बरं," म्हनाली तू. अन् दार लोटून घेतलं, कडी वाजू नाही म्हनून हातानं धरून.

त्याच्यावर दोन वर्सं होती तू. कॉलेज सोडून मी घरीच होतो, टेप बी घरीच. दोन भुलाबाया आल्या न गेल्या. इसरलो होतो असं बी नाही. आज भरू, उद्या भरू. मंग तूच गेली.

भाची अकोल्याहून मोबाइल घेऊन आली तवा भल्ली खूश. "मामा, काय साफ भरलं हो तुमी! मांगं एक भांडं बी वाजत नाही." मंग आवाज जरासा खाली आनून म्हने, "साती आयकल्या मी. आजीचा आवाज सापडन म्हनून. आई म्हने आजी लय गात जाय, पन एक गानं सांग म्हनलं तं तिले आता ओळच आठवत नाही. गात होती काय हो मामा?"

म्या म्हनलं, "नाही. तिले कुठं गाता येत होतं? तुही आई काहीबी सांगते."

तिनं मान हालवली. माह्या शब्दावर इस्वास हाये तिचा.

भाची गेल्यावर म्या दार लावून साती आयकल्या, दोन खेप. तुहा खोकला बी नाही त्याच्यात. इतकी चूप कशी काय बसली तू? माहं गानं हाये, पेटी हाये, एका ठिकानी मीच कोनावर तरी खेकसलो ते बी हाये. तू तेवढी नाही.

खोटं बोललो मी पोरीसंग. तू गात होती. अन् कॅसेट बी सरत आली नव्हती, एक बाजू कोरी होती. दोस्त समोर बसला होता, अन् तू तोंड उघडलं असतं तं त्याले एका ओळीत समजलं असतं, का या घरात गानारा कोन हाये. मले ते पाह्यजे नव्हतं.

हे भाचीले सांगनार नाही. हा कागद बी कोनाले दाखवनार नाही. बस. आता एक शब्द बोलत नाही मी.