डावा कॅलिपर उजवीकडे

प्रिय राकेश,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. समाधानदादा हे पत्र मंचरला गॅरेजवर आणून देईल. एका परीने बरंच झालं. फोनवर तू मधेच हसला असतास आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते. इथे माहेरी, अवसरीत सगळे बरे आहेत. मी का आले ते आईने विचारलेलं नाही. पहिले दोन दिवस मी उजवा पाय घासत होते, आधी साबणाने, मग राखेने. ब्रेक ऑइलचा वास केव्हाच गेला होता. किळस पायाचीच येत होती.

खोडदच्या कुंडलिकभाऊंची जीप. दर सोमवारी माणसं भीमाशंकरला नेणारी. पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचे होते. किट आलं, तर तेलाच्या नळ्या दोन बोटं आखूड. लांब नळ्या नारायणगावात मिळाल्या असत्या. तू गेला नाहीस. डिस्क आवळणारा डावा कॅलिपर उजवीकडे लावलास, उजवा डावीकडे, आणि नळ्या पोचल्या. पण हवा काढायचं निपल वर हवं, ते खाली गेलं. हवा वर चढते, हे मला तूच शिकवलं होतंस.

मग मी सीटवर, तू गाडीखाली. दाब, धर, सोड. चार वर्षं आपण असंच काम केलं. घरात भांडलो असलो, तरी तू ‘धर’ म्हणालास की माझा पाय हलला नाही. त्या दिवशी निपलच्या नळीतून बाटलीत एकही बुडबुडा आला नाही. बघ, हवा संपली, असं म्हणालास. खालून नुसतं तेल येत होतं, हवा वर तशीच होती. पॅडल ओल्या गादीसारखं दबत होतं. मी तसं सांगितलं. तू कॅलिपरला लाल रंग मारायला घेतलास.

भाऊ गाडी न्यायला आले, तेव्हा तू मला हळूच म्हणालास, दोन-तीनदा पटापट दाब आणि धरून ठेव. तसं केलं की तेवढ्यापुरतं पॅडल घट्ट लागतं. मी दाबलं. त्यांना तू म्हणालास, “बाईमाणसाच्या पायाला घट्ट लागतंय, आता तुमाला अजून काय पायजे राव?” सगळे हसले. मीही हसले. ते हसू आठवलं की तोंड कडू होतं. भाऊ गेल्यावर तू तशाच हातांनी भजी खाल्लीस. त्या महिन्यात तेच किट आणखी चार गाड्यांना बसलं. तशाच आखूड नळ्या, तेच वाक्य, पॅडलवर मीच. दर वेळी मला कळत होतं.

गेल्या सोमवारी डिंभ्याच्या पुढच्या उतारावर भाऊंचं पॅडल तळाला गेलं. गाडीत नऊ माणसं. दुसऱ्यांदा दाबल्यावर धरलं, बंपर कठड्याला घासला. ते भांडायला आले नाहीत. मला फोन केला. म्हणाले, “वहिनी, तुमच्या पायाला तर घट्ट लागत व्हतं. मंग माझाच पाय चुकत असंल.” मी हे तुला सांगितलं. तू म्हणालास, मग बरंच आहे की. त्या संध्याकाळी मी बॅग भरली.

परवा नारायणगावहून नळ्या घेऊन खोडदला गेले. अंगणात उभी राहून सगळं सांगितलं. भाऊ आत गेले. मग जॅक घेऊन आले. आम्ही कॅलिपर काढून ज्याच्या त्याच्या बाजूला लावले. या वेळी गाडीखाली मी गेले. पॅडलवर त्यांची आई, साळुबाई. पाय पोचेना म्हणून पाठीमागे उशी. त्या दर वेळी विचारायच्या, धरू का सोडू, आणि मी सांगेपर्यंत पाय हलवायच्या नाहीत. पहिल्यांदाच निपल सैल केलं तर नळीत फेस आला, थुंकीसारखा. तुझ्या हातची हवा. येत राहिली, मग थांबली. वरून साळुबाई म्हणाल्या, “आता जिमिनीवर पाय ठिवल्यागत लागतंय.” मी थोडा वेळ तशीच पडून राहिले.

हे पत्र माफीसाठी नाही, तुझ्या किंवा माझ्या. उरलेल्या चार गाड्या रस्त्यावर आहेत. त्यातली एक शाळेची मुलं नेते, एवढंच मला आठवतं. चौघांचे नंबर फक्त तुझ्या फोनमध्ये आहेत. तू त्यांना बोलाव, नाहीतर नंबर पाठव, मी बोलावते. उद्या रविवार, शाळा बंद. सोमवारी सकाळी सहापर्यंत नंबर आले नाहीत, तर मी मंचरच्या चौकात उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येक जीपला हात करीन आणि ब्रेक कुणी बसवले ते विचारीन. तुझं नाव ऐकलं की गाडी बाजूला घ्यायला लावीन. पॅडलवर मी होते, हेही सांगेन.

अजून तुझीच,
स्नेहा